रंगाचा रकाना

आमच्या संशोधनपत्रिकेच्या कार्यालयात मी बावीस वर्षं आहे. दारावरच्या पाटीवर माझं पद ‘कार्यालयीन सहायक’ असं लिहिलंय. लेख आला की त्याला क्रमांक द्यायचा, लेखकाचं नाव झाकून तो दोन परीक्षकांकडे पाठवायचा, परीक्षक झोपले की त्यांना हलवून जागं करायचं, आणि मुख्य संपादकांच्या सहीने निर्णय कळवायचा. निर्णयाचं पत्र मीच लिहिते. नाव कितीही झाकलं तरी लेखात कुठेतरी ‘माझी पत्नी’ असा उल्लेख येतो, लेखक पुरुष आहे हे परीक्षकाला कळतं आणि त्याचा जीव भांड्यात पडतो.

गेल्या वर्षी वरून आदेश आला की प्रत्येक पत्रिकेने स्त्री-पुरुष समानतेचा अहवाल द्यावा. साहेबांनी, म्हणजे मुख्य संपादकांनी, लगेच समिती नेमली. सभासद पाच, पाचही पुरुष, कारण ज्येष्ठतेच्या यादीत बाई सापडेना. अहवाल लिहायचं काम मात्र माझ्याकडे आलं. ‘तुम्हाला या विषयाची उपजत जाण असणार,’ असं साहेब म्हणाले.

मी दहा वर्षांचे अंक काढून मोजायला बसले. लेखकांत बायका शंभरात अकरा. लेखाच्या शेवटी जो आभाराचा परिच्छेद असतो, त्यात शंभरात एकोणनव्वद. बायकोने टंकलेखन केलं, बहिणीने आकडेमोड तपासली, सुनेने आकृत्या काढल्या, सहायिकेने ‘अथक’ परिश्रम घेतले. हा ‘अथक’ शब्द पुरुषासाठी वापरलेला मला एकदाही आढळला नाही. ते बहुधा थकत असावेत. मी दोन्ही आकडे अहवालात लिहिले. दुसरा साहेबांनी खोडला. तो विषयाला सोडून होता म्हणे.

याच आभारांच्या परिच्छेदातून मला वहिनी माहीत झाल्या. सर म्हणजे विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, आमचे जुने लेखक. त्यांच्या पत्नीला सगळा विभाग वहिनी म्हणतो, म्हणून मीही म्हणते. सरांचा लेख गोगलगाईंवर होता. कालव्याकाठच्या दगडी भिंतीत राहणाऱ्या गोगलगाई रात्रभर भटकून पहाटे आपापल्या फटीत परत येतात, आणि वर्षानुवर्षं त्याच फटीत येतात, हे त्यात सिद्ध केलं होतं. चौदा वर्षांच्या नोंदी होत्या. शेवटी एक ओळ होती: ‘क्षेत्रकार्यात सोबत केल्याबद्दल पत्नीचे आभार.’

एका परीक्षकाने विचारलं की शंखांवर क्रमांक घालण्यासाठी जे ‘लवकर वाळणारे निरुपद्रवी रंगद्रव्य’ वापरलं, ते नेमकं कोणतं. मी सरांना लिहिलं. तीन आठवडे उत्तर नाही. शेवटी घरी फोन केला. सर परिषदेला गेले होते. फोन वहिनींनी उचलला.

“नेलपॉलिश,” त्या म्हणाल्या. “त्याचा ठिपका द्यायचा, वाळला की वर बारीक पेनाने आकडा घालायचा. दोन-तीन वर्षं टिकतो.”

मग मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. आठवड्यातून चार दिवस, उजाडायच्या आत, एक स्टूल, एक भिंग आणि एक वही घेऊन चार किलोमीटरची भिंत त्या पालथी घालत. चौदा वर्षं. सर तेव्हा कुठे असतात, असं मी विचारलं. ‘यांना सकाळचा गारठा सोसत नाही,’ असं त्या म्हणाल्या, आणि त्यात कुरकुर अजिबात नव्हती. स्वतःची पीएचडी त्यांनी लग्नाआधी सुरू केली होती. मग दोन मुलं झाली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मार्गदर्शक म्हणाले होते, जरा मोकळ्या झालात की बघू. आपण मोकळ्या झालो असं त्यांना अजून कोणी कळवलेलं नव्हतं.

त्यांनी सांगितलेलं उत्तर मी लिहून काढलं आणि परत आल्यावर सरांनी त्यावर सही केली. दुरुस्ती एकच केली. ‘नेलपॉलिश’ खोडून ‘व्यावसायिक आवरणद्रव्य’ असं लिहिलं.

लेख छापून आला आणि गाजला. सरांच्या मुलाखती झाल्या, सत्कार झाला. सत्काराच्या फोटोत वहिनी कडेला आहेत, हातात सरांची बॅग. एवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं, तर मी आणखी एक ‘सोबत’ माझ्या मोजणीत धरली असती आणि पुढच्या लेखाकडे वळले असते.

आठ महिन्यांनी हरकतवाल्यांचं पत्र आलं. हे दुसऱ्या एका विद्यापीठातले प्राध्यापक. आमच्या प्रत्येक अंकावर त्यांची एक तरी हरकत असते, म्हणून कार्यालयात आम्ही त्यांना हरकतवालेच म्हणतो. त्यांनी तक्ता चार बारकाईने पाहिला होता. गोगलगाय क्रमांक २१२ ही एकाच सकाळी पुलाजवळच्या फटीत सापडते आणि चार किलोमीटरवरच्या गिरणीजवळही सापडते. अशा एकेचाळीस गोगलगाई त्यांनी शोधल्या होत्या. ‘एकतर या गोगलगाई सायकल वापरतात,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘नाहीतर हे आकडे कोणीतरी घरी बसून पाडलेले आहेत.’ लेख मागे घ्यावा, अशी त्यांची मागणी होती.

लेख मागे घेणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. लेख नाहीसा होत नाही. तो कायम राहतो, आणि प्रत्येक पानावर आडवी काळी पट्टी येते. त्या माणसाच्या कुठल्याही कामाकडे मग कोणी ढुंकून बघत नाही. चौदा वर्षं काय आणि चाळीस वर्षं काय, सगळी पाण्यात.

साध्या प्रश्नाला तीन आठवडे लावणाऱ्या सरांचं उत्तर या वेळी दोन दिवसांत आलं. चार पानं होती. नोंदी, मोजणी, आकडेमोड, तक्ते, इतकंच काय पण लेखाचा मसुदासुद्धा, सगळं आपल्या पत्नीने केलं आहे. आपण केवळ विश्वासाने सही केली. घर सांभाळून हौसेखातर केलेल्या कामात अशा चुका राहणं स्वाभाविक आहे, तरी आपल्याला यातून मोकळं करावं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षं जिने नुसती सोबत केली होती, तिने दोन दिवसांत सगळं काम केलं होतं.

साहेबांना मात्र हायसं वाटलं. सरांचा यात दोष नाही, त्यांच्या पत्नीच्या चुकीमुळे लेख मागे घेत आहोत, असं छोटं टिपण छापून टाका, असं त्यांनी सांगितलं. मी नियमांचं पुस्तक पुढे ठेवलं. जबाबदारी फक्त लेखकाची असते. जी व्यक्ती लेखकच नाही, तिच्या डोक्यावर आम्हाला खापर फोडता येत नाही. फोडायचंच असेल, तर आधी तिला लेखक करावं लागेल.

साहेबांनी क्षणभर विचार केला. “मग करा ना त्यांना लेखक,” ते म्हणाले. “फॉर्म आहे ना आपल्याकडे?”

फॉर्म होता. त्यात दोन चौकोन असतात. एक, विद्यमान लेखकाबरोबर नवीन नाव घालणे. दोन, विद्यमान लेखकाचं नाव काढून त्या जागी नवीन नाव घालणे. सरांनी दुसऱ्या चौकोनात अशी खूण केली की कागद मागून फुगला. फॉर्म त्याच दिवशी संध्याकाळी परत आला. आता फक्त नव्या लेखिकेची संमती राहिली होती.

त्या दिवशी घरी जाताना मला माझीच लाज वाटली. नियम मी दाखवला होता, आणि रागाच्या भरात दाखवला होता. आयुष्यात पहिल्यांदा एका बाईचं नाव छापून येणार, तेही खोटारडी म्हणून, आणि त्याची वाट मी स्वतःच्या हाताने करून दिली होती. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी वहिनींना फोन केला. त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. हरकत आल्याचंही घरात कोणी सांगितलं नव्हतं. मी सरांचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं.

“सगळं मी केलं असं लिहिलंय यांनी?” त्यांनी विचारलं. “सहीनिशी?”

“सहीनिशी.”

“ताई, त्याची एक प्रत मला मिळेल का?”

मग त्यांनी छापलेला लेखही मागितला. मी चकित झाले. चौदा वर्षांच्या कामाचा छापील लेख त्यांनी वाचलेला नव्हता. छपाईआधी तपासायची मुद्रितं लेखकाकडे जातात, अंकही लेखकाकडे जातो, आणि सरांच्या प्रती विभागातल्या कपाटात होत्या. मी तक्ता चार ईमेलने पाठवला. दहा मिनिटांत फोन आला.

“ताई, यात रंगाचा रकाना कुठाय?”

कसला रंगाचा रकाना, मी म्हटलं. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. शंख नखाएवढा. त्यावर तीन आकडेच मावतात. म्हणून नऊशे नव्व्याण्णव झाले की त्या नेलपॉलिशची छटा बदलत आणि पुन्हा एकपासून सुरुवात करत. अशा सहा छटा होत्या. चेरी रंगाची २१२ पुलाजवळ राहते, मोतिया रंगाची २१२ गिरणीजवळ. त्या दोघींची आयुष्यात कधी गाठ पडलेली नाही. वहिनींच्या तक्त्यात क्रमांकाशेजारी रंगाचा रकाना होता. गंभीर पत्रिकेत चेरी, मोतिया, फिका गुलाबी असले शब्द शोभत नाहीत, असं सर म्हणाले होते. ते त्या जागी अ, ब, क घालतील, असं वहिनींना वाटलं होतं. सरांनी आख्खा रकानाच उडवला होता.

मला हसावं की रडावं कळेना. मग माझ्या लक्षात आलं की आता खरी अडचण आहे, आणि ती मी वहिनींना स्पष्ट सांगितली. आज घरी ही गोष्ट सांगितलीत तर सर आपलं पत्र मागे घेतील, लेख वाचेल आणि त्यांच्याच नावावर राहील. आधी संमतीच्या फॉर्मवर सही केलीत तर लेख तुमचा होईल आणि हरकतीला उत्तर द्यायचा हक्कही तुमचा होईल, पण तोवर महिना-दीड महिना सगळे तुम्हालाच खोटं ठरवतील. आणि परीक्षकांना उत्तर पटलं नाही, तर काळी पट्टी तुमच्या नावावर येईल.

पलीकडे नळ वाहत होता. तो त्यांनी बंद केला.

“फॉर्म पाठवा,” त्या म्हणाल्या. “आणि उत्तर किती शब्दांत द्यायचं असतं?”

“पाचशे.”

“तीनशे पुरतील.”

लेखक बदलल्याची सूचना छापून आली आणि लोकांची जीभ सैल सुटली. बायकोने सरांना गोत्यात आणलं, असं बोललं जाऊ लागलं. संशोधनासारख्या गोष्टीत घरच्यांना घ्यायचंच कशाला, असं समानता समितीच्या एका सभासदाने माझ्या टेबलाशी उभं राहून मला विचारलं. सरांबद्दल सगळ्यांना सहानुभूती होती. त्यांना संशोधनातल्या सचोटीवर व्याख्यान द्यायला बोलावलं गेलं आणि ते गेले. साहेबही खुशीत होते, कारण लेखिकांचा आकडा एकाने वाढला होता. त्यांनी अहवालात ‘पत्रिकेच्या विशेष प्रयत्नांमुळे’ असे शब्द घालायला सांगितले. मी घातले. खोटे नव्हते ते.

वहिनी उत्तर घेऊन स्वतः कार्यालयात आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ठेंगण्या, पायात चिखलाने माखलेले बूट, खांद्यावर बाजाराची पिशवी, पिशवीत चौदा वह्या. साहेब वाटेत भेटले. सरांचं काही द्यायचं असेल तर इथे ठेवून जा, असं त्यांनी सांगितलं. ‘सरांचं काही नाही,’ असं म्हणून वहिनी माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि एकेक वही काढून वर्षवार लावू लागल्या. उत्तर तीनशे सहा शब्दांचं होतं. कोणावर आरोप नाही, रडगाणं नाही. छापताना एक रकाना गळला, तो सोबत जोडला आहे, मूळ नोंदी तपासायला खुल्या आहेत. रकाना कोणी गाळला, याबद्दल चकार शब्द नव्हता.

ते उत्तर मी दोन परीक्षकांकडे आणि हरकतवाल्यांकडे पाठवलं. पुढचे सतरा दिवस मी ईमेल उघडताना मनातून घाबरलेली असे. हरकतवाल्यांना मात्र कमी लेखून चालत नाही. ते सरळ कालव्यावर आले, आठवडाभर पहाटे उठून भिंत धुंडाळली आणि चेरी रंगाची २१२ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्याच फटीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक हरकत मागे घेतली. पत्राची सुरुवात सवयीने ‘लेखक महोदय’ अशी होती. पाठवण्यापूर्वी मी एक काना वाढवला. असं चोख काम आपण फार दिवसांनी पाहिलं, असं त्यांनी लिहिलं होतं. पण हरकत नसलेलं पत्र त्यांच्या हातून कसं लिहून होणार? शेवटी एक होतीच: इतका महत्त्वाचा रकाना मुळात काढला कोणी, याचा पत्रिकेने खुलासा करावा.

परीक्षकांनीही मान्यता दिली. वहिनींचं उत्तर आणि पूर्ण तक्ता छापून आला. लेख नव्याने गाजला, या वेळी दुप्पट, कारण चार किलोमीटर भिंतीवरच्या सहा हजार गोगलगाई एकेक करून ओळखणारं दुसरं कोणी जगात नव्हतं. एका मोठ्या परिषदेने वहिनींना बीजभाषणाला बोलावलं.

त्याच आठवड्यात सर कार्यालयात आले. एरवी ते मला दारातून हाक मारत, या वेळी खुर्ची ओढून बसले. ते पत्र आपण भावनेच्या भरात लिहिलं होतं, असं ते म्हणाले. अशा मनःस्थितीत माणूस काहीही लिहितो, त्याला किती महत्त्व द्यायचं? आता लेखावर आपलं नाव परत यायला हवं. पहिलं आलं तर ज्येष्ठतेला धरून होईल, पण दुसरंही चालेल. साहेबांनी मान डोलावली आणि मला फॉर्म काढायला सांगितलं.

नाव वाढवण्याच्या फॉर्मवर दोन गोष्टी लागतात. विद्यमान लेखकाचं म्हणणं, आणि एका चौकटीत, नव्या लेखकाने नेमकं काय काम केलं ते. ‘मार्गदर्शन’ आणि ‘प्रोत्साहन’ चालत नाही, असं खाली बारीक अक्षरांत छापलंय. सर माझ्या टेबलाशी पेन घेऊन बसले. ‘नोंदी’ लिहायला गेले. मी त्यांचं चार पानी पत्र फाइलमधून काढून बाजूला ठेवलं होतं. त्यात नोंदी पत्नीच्या होत्या. आकडेमोडही तिची. तक्ते तिचे. मसुदा तिचा. अर्धा तास गेला. मी त्यांना पाणी दिलं.

“घरी नेतो,” ते शेवटी म्हणाले. “भरून आणतो उद्या.”

त्या संध्याकाळी मी निघायच्या बेतात असताना वहिनींचा फोन आला. फॉर्म त्यांच्यासमोर होता. सरांनी ‘हे जरा भरून टाक’ म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता आणि ते बातम्या बघायला गेले होते. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती.

“या चौकटीत लिहिलेलं छापतात का, ताई?”

मी सांगितलं की छापतात. अर्ज मंजूर होवो की नामंजूर, लेखकांच्या यादीबद्दलचा प्रत्येक अर्ज पुढच्या अंकात जाहीर होतो आणि चौकटीतला मजकूर जसाच्या तसा छापला जातो. ‘बरं,’ एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सकाळी सर पाकीट घेऊन आले. फॉर्म हिने भरलाय, असली कामं तिलाच जमतात, असं म्हणाले. तुम्ही वाचलात ना, असं मी विचारलं. माझा तो धर्मच होता. तिने लिहिलेलं आपण काय वाचायचं, ते चोखच असतं, असं म्हणून ते निघून गेले.

अक्षर वहिनींचं होतं, चौदा वह्यांमधलं तेच गोल, उभं अक्षर. विद्यमान लेखकाच्या म्हणण्यात लिहिलं होतं: ‘माझी हरकत नाही. निर्णय नियमाने व्हावा.’ आणि खालच्या चौकटीत, नव्या लेखकाने केलेलं नेमकं काम: ‘तक्ता चारमधला रंगाचा रकाना काढून टाकला.’ त्याखाली सरांची सही होती, तारखेसकट.

मी तो कागद साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. हे छापावंच लागेल का, असं त्यांनी विचारलं. मी नियमाचं पान उघडून दिलं. त्यांनी कोपऱ्यात ‘नामंजूर’ लिहून सही केली, आणि मी ती ओळ, एकही अक्षर न बदलता, पुढच्या अंकासाठी छापायला पाठवली.